देणगीला किमान रक्कम लावू नका : इंदूरच्या मराठी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
इंदूर शहरातील मराठी मंडळे, न्यास आणि सेवासंस्था

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका संस्थेच्या कार्यकारिणीने नुकताच एक ठराव केला. रुग्णसेवा निधीसाठी यापुढे १,००१ रुपयांपेक्षा कमी देणगी घेतली जाणार नाही, असा. संस्थेचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण असाच विचार आणखी दोन-तीन मंडळांत चालला आहे आणि हा प्रश्न आता एका कार्यकारिणीपुरता राहिलेला नाही. ठरावामागची कारणे मला सांगण्यात आली. पावत्या फाडायला माणूस मिळत नाही. पन्नास-शंभरच्या नोंदींनी रोजकीर्द भरून जाते आणि ऑडिटच्या वेळी कोषाध्यक्षांचे हाल होतात. शिवाय वर्षाचा बहुतेक खर्च आठ-दहा मोठे देणगीदार उचलतातच, मग दारोदार फिरायचे कशाला?

ही कारणे खोटी नाहीत. तरीही हा ठराव मागे घ्यावा आणि इतर संस्थांनी त्या वाटेला जाऊ नये, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत असताना संध्याकाळी पावतीपुस्तक पिशवीत घालून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर या भागांत वर्गणीसाठी फिरत असे. त्यामुळे पैसे मोजणाऱ्याचा कंटाळा मला ठाऊक आहे आणि देणाऱ्याचा चेहराही.

आधी शुद्ध पैशाची बाजू पाहू, कारण ठराव त्याच बाजूने झाला आहे.

आपल्याकडची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे काय करतात हे आपल्याला सांगायला नको. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअरबेड, वर-खाली होणारा पलंग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवून न्यायचे आणि काम झाले की परत करायचे. यातली नवी वस्तू द्यायला देणगीदार मिळतो. आईच्या किंवा वडिलांच्या स्मरणार्थ पलंग देतात, त्यावर नाव रंगवून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण पलंगाचा हँडल फिरेनासा होतो तेव्हा? व्हीलचेअरच्या पुढच्या चाकाचे रबर निघते, एअरबेडचा पंप घरघर करून बंद पडतो, कमोड खुर्ची धुऊन निर्जंतुक करावी लागते, पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवायला हमाल लागतो, केंद्र उघडून बसणाऱ्या मुलाला पगार द्यावा लागतो. या कशावरही कोणाचे नाव रंगवता येत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी लोकांनी भरभरून दिले. त्या यंत्रांचे फिल्टर नियमित स्वच्छ करावे आणि बदलावे लागतात, वापर असो वा नसो सर्व्हिसिंग करावे लागते. त्या खर्चासाठी कोणी भरभरून दिले नाही.

हा सगळा खर्च भागतो तो बिनअटीच्या पैशातून, आणि बिनअटीचा पैसा बहुतेक वेळा लहान असतो. एकावन्न रुपये देणारी बाई त्या एकावन्नाचे काय करा हे सांगत नाही. लागेल तिथे वापरा म्हणते. दोन लाख देणारा गृहस्थ, आणि हे मी दोष म्हणून सांगत नाही, वस्तू सुचवतो, खोली सुचवतो, कार्यक्रमाची तारीख सुचवतो. मोठ्या देणगीने संस्थेची इमारत उभी राहते, पण त्या इमारतीचे विजेचे बिल कोण भरणार हा प्रश्न प्रत्येक कोषाध्यक्षाला मार्च महिन्यात पडतो. ताळेबंद उघडून पाहा. नामनिर्देशित, म्हणजे ठरावीक कामासाठीच दिलेल्या, निधीत पैसा पडून असतो आणि सर्वसाधारण निधीत खडखडाट असतो. नामनिर्देशित निधीतून चाकाचे रबर आणता येत नाही.

दुसरे, स्थैर्य. एक साधा हिशेब मांडते. तीनशे घरांनी महिना ५१ रुपये दिले तर महिन्याला १५,३०० आणि वर्षाला १,८३,६०० रुपये होतात. तेवढीच रक्कम एकाच देणगीदाराकडून येत असेल तर तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला, त्याचा धंदा बसला, किंवा कार्यकारिणीतल्या कोणाशी त्याचे वाजले, की एका दिवसात सगळे थांबते. तीनशेपैकी वीस घरे गळाली तर महिन्याला १,०२० रुपये कमी होतात. बँकेत आम्ही कर्ज देताना एकाच मोठ्या ग्राहकावर शाखा अवलंबून राहू नये म्हणून जिवापाड काळजी घ्यायचो. सेवासंस्थेने तर ती अधिकच घ्यायला हवी, कारण तिच्या दाराशी येणारा माणूस रुग्णाला घरी ठेवून आलेला असतो.

या शहराला हे नवीन सांगायची गरज पडू नये. इंदूरमध्ये दान म्हटले की अहिल्याबाईंचे नाव आधी येते, आणि योग्यच येते. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, मंदिरे, धर्मशाळा, अन्नछत्रे यांवर त्यांनी आपल्या खासगीतून खर्च केला. तो आदर्श इतका मोठा आहे की दान हे मोठ्या माणसानेच करायचे असते, अशी समजूत आपल्या नकळत इथे रुजली. होळकरांच्या जोडीला शेठ लोक आले, मिलमालक आले, आणि संस्था त्यांच्या दाराशी जात राहिल्या. पण १९४८ साली होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. त्यानंतर जी मराठी मंडळे टिकली ती कोणाच्या जिवावर? रुपया-दोन रुपयांची मासिक वर्गणी देणाऱ्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या, नर्सेसच्या आणि मिलमधल्या जॉबरांच्या जिवावर. जुनी पावतीपुस्तके कपाटात असतील तर काढून पाहा.

आणि मिलचे नाव निघालेच आहे तर अनंत चतुर्दशीच्या झांक्यांकडे, म्हणजे मिलांच्या सजवलेल्या चित्ररथांच्या मिरवणुकीकडे, पाहा. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. पुढे एकेक करून बाकीच्या कापड गिरण्याही बंद झाल्या. कामगारांची देणी वर्षानुवर्षे न्यायालयात अडकली, हुकुमचंदच्या कामगारांना तर २०२३ च्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. तरीही त्या मिलांच्या झांक्या निघत राहिल्या. महानगरपालिका आणि विकास प्राधिकरणाचे साहाय्य मिळते हे खरे, पण ते साहाय्य मागायला जो उत्सव जिवंत राहिला तो मजुरांनी स्वतःच्या खिशातून आणि वस्तीत चंदा करून राखला. ज्यांचा पगार बंद झाला होता त्यांनी दिले. त्या मजुरांच्या मंडळांनी किमान रक्कम ठरवली असती तर आज राजवाड्यासमोर ती रात्र जागली नसती.

आपल्या मराठी परंपरेत तर लहान देणगी ही पर्याय नसला म्हणून केलेली सोय कधीच नव्हती. ती विचारपूर्वक निवडलेली पद्धत होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली तेव्हा मागणे एवढेच होते की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा स्वदेशी उद्योगासाठी द्यावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा जाणकार तिथे शिकवायला होता, आणि तिथे शिकलेले कारागीर देशभरातल्या काच कारखान्यांत गेले. त्या काळात चार धनिक गाठून कारखाना काढणे अशक्य नव्हते. पण काळ्यांना कारखान्याइतकेच हेही हवे होते की ज्याने पैसा दिला त्याला हा धंदा माझा आहे असे वाटावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंड चालवला. घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे. लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी मंगळसूत्र मोडले हे सगळ्यांना माहीत असते, पण शेकडो घरांतल्या त्या मुठींची गोष्ट फार कोणी सांगत नाही. ती मूठ देणारी बाई स्वतः शाळेत गेलेली नव्हती. मूठ देता देता तिने आपला मुलगा शाळेत धाडला. धोंडो केशव कर्वे यांना सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे पंधरा लाख १९२० साली मिळाले आणि महिला विद्यापीठ स्थिरावले, हे मान्यच. पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे ते गावोगाव फिरून किरकोळ देणग्या गोळा करत होते, आणि पंधरा लाख मिळाल्यावरही थांबले नाहीत. १९३६ मध्ये, वयाची सत्तरी उलटून गेल्यावर, ग्राम प्राथमिक शिक्षणासाठी पुन्हा वर्गणी मागायला निघाले. समर्थांनी तर भिक्षेच्या निमित्ताने गावातले लहानथोर पारखून ठेवावेत असेच सांगितले आहे. वर्गणीला जाणाऱ्या कार्यकर्त्याला कोणाच्या घरी म्हातारे एकटे आहेत, कोणाची मुलगी परिचारिका झाली, कोणाकडे रिकामी गाडी उभी असते, हे आपोआप कळते. आता आपल्याला हे कोण सांगणार? मोठ्या देणगीदाराच्या बैठकीत बसून लोकमान्य नगरच्या मागच्या गल्लीतली अडचण कळत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. म्हणून थोडे बाहेरचेही सांगते. अमेरिकेत १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरोधी संस्था स्थापन केली. ते स्वतः त्या रोगाने पांगळे झालेले होते. एडी कँटर नावाच्या विनोदी नटाने रेडिओवरून लोकांना सांगितले की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट व्हाइट हाऊसला पाठवा. सव्वीस लाख ऐंशी हजार नाणी आली. टपालाच्या थैल्यांनी तिथली यंत्रणा कोलमडायची वेळ आली, पण नाणी परत पाठवली गेली नाहीत. पुढे त्याच संस्थेच्या पैशावर जोनास साल्क यांचे संशोधन झाले, १९५४ मध्ये लाखो मुलांवर लशीची चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. मुलांच्या खाऊच्या पैशातून निघालेल्या त्या कामाचा लाभ पुढे जगभरातल्या मुलांना झाला. पावत्या लिहायला माणूस नाही, असे म्हणून तिथेही थांबता आले असते.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीची. पुतळा फ्रान्सने दिला, पण चौथऱ्याला पैसे पुरेनात आणि श्रीमंतांनी हात आखडले. १८८५ साली जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि वचन दिले की रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापू. सुमारे पाच महिन्यांत एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरवर रक्कम दिली. बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिले होते. या गोष्टीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नाव छापण्याचे वचन, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या कार्यकारिणीत एक भीती वारंवार बोलून दाखवली जाते. लहान रक्कम चालेल म्हटले तर पाचशे देणारा पन्नासवर येईल. वाजवी शंका आहे. पण ती तपासून पाहिलेली आहे. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कर्करोग संस्थेसाठी दारोदार देणगी मागताना निम्म्या घरी एक वाक्य जास्त बोलायला लावले, की एक पेनी दिलीत तरी मदत होईल. ते वाक्य नव्हते तिथे सुमारे २९ टक्के लोकांनी दिले, आणि ते होते तिथे ५० टक्के. देणाऱ्यांची सरासरी रक्कमही घसरली नाही. माणसाला नाही म्हणायला कारण उरले नाही, आणि एकदा हो म्हटल्यावर त्याने एक पेनी देऊन बोळवण केली नाही, आपल्या ऐपतीप्रमाणेच दिले. दारोदार फिरलेल्या कोणालाही हे पटेल. किमान रकमेचा आकडा ऐकला की लोक दार ओढून घेतात. ज्यांना तो आकडा सहज परवडतो तेही ओढतात.

आता मला ज्या गोष्टीने खरोखर अस्वस्थ केले तिच्याकडे येते.

खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) खाली मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरले. आपल्या समाजात असे निवृत्त लोक किती आहेत हे आपण जाणता. गिरण्यांतून, छापखान्यांतून, दुकानांतून, पोलोग्राउंड-सांवेर रोडच्या कारखान्यांतून बाहेर पडलेले. त्यांच्यापुढे १,००१ रुपयांची अट ठेवणे म्हणजे त्यांना सांगणे की महिन्याच्या सगळ्या पेन्शनवर आणखी एक रुपया घालून आणा, मग तुम्हाला देणगीदार म्हणू. ठराव करताना हे कोणाच्या मनात नव्हते याची मला खात्री आहे. पण ठराव कागदावर आला की तो हेच बोलतो.

आणि जो आपल्याकडून घेऊन जातो त्याचे काय? साहित्य केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. आई गेल्यावर चार-आठ दिवसांनी मुलगा एअरबेड परत करायला येतो. धुऊन, वाळवून, नीट घडी घालून आणलेला असतो. अनामत परत देताना तो त्यातल्या एक-दोन नोटा टेबलावरच ठेवतो आणि म्हणतो, "काकू, सध्या एवढंच आहे, पण राहू द्या." त्याला काय सांगायचे? कार्यकारिणीचा ठराव आहे, हे घेता येत नाही? झाबुआ, धार, बडवानीकडून एमवाय हॉस्पिटलात आलेली माणसेसुद्धा जाताना काही ना काही देऊ पाहतात. कोणी वीस रुपये, कोणी पिशवीतून आणलेली मक्याची कणसे. त्या वीस रुपयांनी संस्थेचे काही भागत नसेल, पण तो माणूस उपकाराखाली दबून निघत नाही. घेणारा म्हणून आलेला देणारा म्हणून जातो. आपण त्याची देणगी नाकारली तर त्याला कायमचे घेणाऱ्याच्या जागी बसवतो. हा अधिकार सेवासंस्थेला कोणी दिला?

घरकाम करणाऱ्या, पोळ्या लाटून देणाऱ्या, डबे करणाऱ्या आपल्याच बायकांचेही तेच. त्यांची भिशी असते, हळदीकुंकवाला त्या नियमाने येतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या घालण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत सगळे त्याच करतात. त्यांचे एकवीस रुपये घेणे थांबवाल तर पुढच्या वर्षी सतरंज्या घालायलाही हक्काने बोलावता येणार नाही. जिथे आपला पैसा चालत नाही तिथे माणूस किती दिवस राबेल?

अडचणींचेही बोलते. लहान देणग्या गोळा करायला श्रम लागतात आणि श्रमाला किंमत असते. पूर्वी मनिऑर्डरचे कमिशन, रिक्षाभाडे आणि छपाई यांत रकमेचा बराच भाग जायचा. आज ती स्थिती नाही. यूपीआयने दहा रुपये घेतले काय आणि दहा हजार घेतले काय, जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापारी शुल्क लागत नाही. त्याच वर्षी यूपीआय ऑटोपे सुरू झाले. एकदा मान्यता दिली की ठरलेली लहान रक्कम दर महिन्याला आपोआप जमा होते. बँकेच्या विवरणात प्रत्येक नोंद नावासह दिसते, म्हणजे ऑडिटची निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरते ती रोख रक्कम. तिची पावती नाव-पत्त्यासह लिहायलाच हवी, कारण आयकर कायद्यात निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर सेवाभावी संस्थेवर त्यांचा तीस टक्के कर बसतो. हा खटाटोप आहे, मान्य. पण प्रामाणिक संस्थेने तो करायचाच असतो.

करसवलतीबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. ८०जी चे प्रमाणपत्र हवे असणारेच खरे देणगीदार, असे एका बैठकीत बोलले गेले. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ८०जी ची वजावट मिळतच नाही. कर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे लहान देणारा जे देतो त्याच्या बदल्यात त्याला सरकारकडूनही काही परत मिळत नाही. पूर्ण रक्कम त्याच्या घरखर्चातून येते. ताळेबंदात हे दिसत नाही, पण विश्वस्तांना दिसावे अशी अपेक्षा आहे.

एक गोष्ट मात्र लहान देणग्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही पाळावी. गणेशोत्सवात काही मंडळांची पोरे दुकानदाराला आकडा सांगून उभी राहतात, तसे आपण कधीही करू नये. घरटी दर ठरवू नये, कोणी किती दिले हे शेजारच्या घरी सांगू नये, नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा हसतमुखाने जावे. गरिबाकडून लहान रक्कम घेताना ती त्याने मनाने दिलेली आहे ना, हे मोठ्या रकमेपेक्षा जास्त काळजीने पाहायला हवे. त्याच्या घरात तंगी दिसली तर पावतीपुस्तक पिशवीतच ठेवून चहा पिऊन यावे.

माझ्या मागण्या फार नाहीत. किमान रकमेचा ठराव रद्द करावा आणि कोणतीही रक्कम स्वीकारली जाईल हे कार्यालयात आणि केंद्रावर मोठ्या अक्षरांत लिहावे. देखभाल, पगार, वाहतूक यांसाठी वेगळा दैनंदिन सेवा निधी उघडावा आणि लहान देणग्या त्यात जमा कराव्यात. वर्षाच्या शेवटी त्यातून किती चाके बदलली, किती पंप दुरुस्त झाले हे अहवालात छापावे, म्हणजे एकावन्न रुपये देणाऱ्याला आपले एकावन्न कुठे गेले ते दिसेल. महिन्याच्या ऑटोपेची सोय लावून द्यावी, आणि ज्यांना मोबाईलवर ते जमत नाही अशा ज्येष्ठांकडे आपल्यातल्या तरुण मुलांनी जाऊन बसावे. परत आलेल्या साहित्याच्या टेबलावर पावतीपुस्तक ठेवावे. मागू नये, फक्त ठेवावे.

आणि नावे छापावीत. आपल्या वार्षिक अहवालात आश्रयदात्यांचे फोटो असतात, पाच हजारांवरच्यांची यादी असते, आणि शेवटी एका ओळीत "इतर देणगीदार" असे लिहून एक बेरीज असते. त्या ओळीत शेकडो घरे आहेत. पुढच्या अहवालात सगळी नावे अकारविल्हे, रक्कम न लिहिता छापा. दोन-चार पाने वाढतील. ज्यांना आपले नाव नको असेल ते सांगतील. गुंतवणूक म्हणून पाहिले तरी या पानांइतका परतावा दुसऱ्या कशातून मिळणार नाही, कारण ज्याचे नाव अहवालात आहे तो अहवाल घरी जपून ठेवतो आणि पाहुण्याला दाखवतो.

मोठ्या देणगीदारांनाही या निमित्ताने एक विनंती. आपण पलंग दिलात, खोली दिलीत, आम्ही सर्व आपले ऋणी आहोत. पुढच्या वेळी देणगीचा काही हिस्सा बिनअटीचा ठेवा. आणि कार्यकारिणीत आपल्या शब्दाला वजन आहे, ते या ठरावाच्या विरोधात वापरा. आपल्याला सोयीचे व्हावे म्हणून लहानांना बाजूला सारले जात आहे, हे आपल्यालाही आवडणार नाही.

पावत्या लिहायला माणूस नाही ही अडचण आमच्यापैकी काही निवृत्त बँक कर्मचारी दूर करायला तयार आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन पावत्या, रोजकीर्द आणि बँकेचा मेळ घालून देऊ. त्यासाठी मानधन नको, टेबल आणि कपाटाची किल्ली हवी. ज्या संस्थेला ही मदत हवी असेल तिने आपल्या सूचनाफलकावर तसे लिहावे, आम्ही येऊन भेटू.

ज्या संस्थेने ठराव केला आहे तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना अजून निघालेली नाही. विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ठरावाची प्रत सर्व सभासदांना सभेपूर्वी मिळावी, आणि मतदान हात वर करून न घेता चिठ्ठीने घ्यावे, कारण सभागृहात ज्यांचे देणे लहान आहे त्यांचा आवाजही दबका असतो. ठराव रद्द करण्याच्या सूचनेचा मसुदा मी तयार ठेवला आहे. त्याला अनुमोदन देणारे सभासदही मिळाले आहेत.

आपली,
एक आजीव सभासद
सुदामा नगर, इंदूर